सोबतीला आलेले आण्णा

आण्णा समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, दातांकडे बघत. माणूस बोलायला लागला की त्यांची नजर त्याच्या ओठांवर खिळायची आणि तो हसला की ती आत शिरायची. नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतंय, म्हणून ओठ वाचतोय. ऐकू त्यांना चांगलं यायचं. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही त्यांच्याबद्दल काय बोलायचो तेही यायचं. चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली करताना बैलांचे जबडे उघडून वय सांगितलेल्या माणसाची ती सवय होती. बाजार सुटला तरी ती सुटली नव्हती. आमच्या मोठ्या डॉक्टरांना पहिल्यांदा भेटून बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "डाक्टर जुळल्याला हाय. पर वरचा एक बशिवल्याला दिसतोय." जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, पुऱ्या वयाचा बैल. डॉक्टरांनी वरचा एक दात बसवून घेतला होता हे मला, त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काम करून, त्या दिवशी कळलं.

बैलाला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, ही माहितीही त्यांचीच. "म्हनून त्यो खोटं बोलू शकत न्हाई," असं ते त्याचं स्पष्टीकरण द्यायचे. हे शास्त्रात बसतं की नाही ते मला माहीत नाही. आमच्या दवाखान्यात मात्र वरचे दात सगळ्यांनाच होते.

मी सांगलीतल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. नवं औषध बाजारात येण्याआधी ते पेशंटवर तपासून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. तिच्या तारखा, तपासण्या, फोन, गोळ्यांची मोजणी आणि पेशंटची समजूत घालणं हे सगळं माझ्या गळ्यात. मी मूळची मेढ्याची, शिंप्याची मुलगी. आमच्या घरी ट्रायल म्हणजे पांढऱ्या दोऱ्याने कच्ची शिलाई घातलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघणं. नोकरी लागल्यावर वडिलांनी कौतुकाने गावभर सांगितलं, पोरगी सांगलीला ट्रायल घेते. लोकांनी विचारलं, लेडीज का जेंट्स?

त्या काळात माझं एक ठरलेलं वाक्य होतं. पेशंट बिचकला की मी ते काढायचे: "ट्रायलमध्ये असलेल्या पेशंटची तब्येत बाहेरच्यांपेक्षा चांगली राहते, असं दिसून आलंय." वाक्य खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात तसं दिसतंच. ते ऐकून पेशंटचे खांदे जरा सैल व्हायचे आणि मला सही मिळायची. हे वाक्य आण्णांनी पहिल्याच दिवशी बाकावर बसून ऐकलं आणि खिशात घालून ठेवलं.

ते आले होते बाबालालचाचांच्या सोबतीला. चाचा पत्रीवाले, म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारे. आण्णा बैल विकून द्यायचे, चाचा त्याच्या खुरांना पत्र्या मारायचे, आणि मधल्या वेळात दोघे एका काडीवर दोन बिड्या पेटवायचे. दोघांची घरं पलूसच्या बाजूला एकाच गावात. चाचांच्या फुप्फुसात गाठ निघाली होती. त्याच सुमारास आमच्याकडे एका नव्या गोळीची ट्रायल सुरू झाली होती. नेहमीचं केमो सगळ्यांना मिळणार होतं. शिवाय निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. चाचा मुळात अबोल. मी फॉर्म भरायला घेतला. 'सोबत आलेल्या व्यक्तीशी नाते' असा रकाना होता.

"तुम्ही यांचे कोण?" मी विचारलं.

चाचांनी आण्णांकडे बघितलं. आण्णा म्हणाले, "जोडीदार लिव."

मी लिहिलं. कॉम्प्युटरला जोडीदार म्हणजे नवरा-बायको एवढंच ठाऊक असल्यामुळे आमच्या नोंदीत आण्णा आजही बाबालालचाचांच्या पत्नी आहेत.

तपासण्या झाल्या आणि चाचा अडकले. किडनीचा आकडा ट्रायलच्या मर्यादेच्या जरासा वर होता. मी बाहेर येऊन सांगितलं, "आकडा बसत नाही. यांना ट्रायलमध्ये घेता येणार नाही. साधं केमो चालू होईल."

"किती जास्त हाय?" आण्णांनी विचारलं.

"थोडाच."

"मंग घ्या की. एवढं बाजारात बी चालवून घेत्यात."

"आमच्याकडे नाही चालत."

"अगं, तूच त्या दिशी त्या बाईला सांगितलंस, ट्रायलमदली मानसं जास्त टिकत्यात. मंग ह्येनं का टिकायचं न्हाई?"

माझ्याकडे त्या वेळी आणखी सहा फायली होत्या. मी म्हणाले, "नियम आहे, आण्णा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तेवढं पुरेसं आहे असं मला वाटलं.

आण्णा हटले नाहीत. रोज एसटीने यायचे, बाकावर बसायचे, मी दिसले की उठायचे, वाद घालायचे आणि वाद घालता घालता खोकायचे. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर शेजारून चालले होते. ते थांबले आणि विचारलं, "हे कधीपासून खोकतायत?" आण्णा म्हणाले, "त्यो बिडीचा हाय. तुमी बाबालालचं बगा." डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून एक्स-रेला नेलं. दहा दिवसांत सोबतीला आलेल्या माणसाची स्वतःची फाईल तयार झाली. तोच आजार, जवळजवळ तीच पायरी.

आणि आण्णांचा प्रत्येक आकडा चौकटीत बसला. किडनी, लिव्हर, हृदय, रक्त, सगळं जागच्या जागी. असा निवडक पेशंट कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. आमच्या खोलीत अगदी आनंदीआनंद झाला. एखाद्याला कॅन्सर असल्याचा एवढा आनंद फक्त आमच्याच खोलीत होऊ शकतो. आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाले, "माजी जागा ह्येला द्या. गिऱ्हाईक ह्यो हाय. मी आपला सोबतीला आलतो."

जागा अशी देता येत नाही, हे समजावण्यात माझा एक दिवस गेला. दुसरा दिवस संमतीपत्र वाचण्यात गेला. ते मराठीतच होतं, पण त्यातली मराठी मुंबईत कुठेतरी तयार झाली होती. "सदर सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, अभ्यासातून माघार घेण्याची मुभा राहील," असं वाचल्यावर आण्णांनी मला थांबवलं. त्याचा अर्थ विचारला. मी म्हणाले, नको वाटलं तर कधीही सोडून जा, कुणी काही विचारणार नाही. त्यांचा चेहरा उजळला. "मंग ही बैलाचीच ट्रायल की! आदी दोन दिस नांगराला जुपून बगायचा. पटला तर ठेवायचा, न्हाई तर दाव्यासकट माघारी." मी म्हणाले, तसंच समजा. यातला बैल कोण, औषध की आण्णा, हे मी स्पष्ट केलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते नक्की माहीत नव्हतं.

कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी, हे पेशंटलाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही, चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो, हे सांगितल्यावर तर ते हसायलाच लागले. जुन्या बाजारात दलाल हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटांनी सौदा करायचे. बाजाराला कळायचं नाही, फक्त त्या दोघांना कळायचं. "आमच्या रुमालाखाली दोघांना तरी ठावं असायचं," आण्णा म्हणाले. "हितं तर दोघांनाबी न्हाई. लय भारी बाजार हाय तुमचा."

सही त्यांनी एका अटीवर केली. बाबालालच्या केमोची तारीख आणि त्यांची तारीख एकच पाहिजे. मी ती जुळवून दिली. ती नियमात बसत होती. पुढच्या गोष्टी नियमात नव्हत्या, त्या आण्णांनी मला न विचारता बसवल्या. ट्रायलमधल्या पेशंटला दर गुरुवारी दुपारी मी फोन करायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. ताप? उलटी? भूक? दम लागतो का? आण्णा फोन स्पीकरवर टाकायचे. "भूक? वैरन खातोय. दम? चढाला लागतोय." असं सगळं झालं की म्हणायचे, "आता ह्येचं लिव."

"चाचांसाठी माझ्याकडे रकाना नाही, आण्णा."

"वहीच्या माघारच्या पानावर लिव. ते पान तुजं सोताचं हाय का कंपनीचं?"

पान माझं होतं. मी लिहायला लागले. एका गुरुवारी आण्णा म्हणाले, "ह्येचे कान तापल्यात." जनावराचा ताप कानाला हात लावून बघतात, तीच पद्धत त्यांनी चाचांना लावली होती. चाचा मागून म्हणत होते, काय न्हाई, उगं कणकण हाय. त्यांचं केमो होऊन आठ दिवस झाले होते. मी म्हणाले, आहे त्या गाडीने लगेच निघा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. चाचा पाच दिवस भरती होते. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. चाचांना वाचवलं ते कुठल्या नव्या औषधाने नाही. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याच्या कानाला लावलेल्या हाताने आणि चुकीच्या पानावर लिहिणाऱ्या बाईने त्यांना वाचवलं.

पुढे दवाखान्याने एका सभागृहात पेशंटांचा मेळावा घेतला. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. ट्रायलमधल्या पेशंटची रेषा वर होती आणि बाकीच्यांची खाली. टाळ्या झाल्या. मग ट्रायलमधला गुणी पेशंट म्हणून आण्णांना गुलाबाचं फूल देऊन स्टेजवर बोलावलं आणि हातात माइक दिला. कुणीही सांगू शकलं असतं की ही चूक होती.

"डाक्टरसायबांनी दावलं, ट्रायलमदली मानसं जास्त जगत्यात," आण्णांनी सुरुवात केली. "जगतीलच की! ह्यांनी आमचं दात बगून घेतलंय. ज्येचं काळीज बरं, मूत्रपिंड बरं, जे सोताच्या पायानं चालत आलंय, तेवडंच घेतलं. निवडून आनल्याला खोंड शर्यतीत फुडं गेला, तर काय कासरा चांगला हुता म्हनायचं? वर ही पोरगी दर गुरवारी इचारती, खाल्लं का, झोपलासा का, दम लागतोय का. एवडं कुनी इचारलं तर धडधाकट मानूस बी चार वर्सं जास्त काडील. आता, ज्येला निवडलं न्हाई त्यो तितं तिसऱ्या रांगंत बसलाय. त्येचं काय करतासा, ते दावा त्या पडद्यावर."

सगळे मान वळवून तिसऱ्या रांगेकडे बघायला लागले आणि बाबालालचाचांनी खाली वाकून चप्पल नीट करायला घेतली. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मोठे डॉक्टर भला माणूस. रात्रभर रागावून बसण्याचा त्यांचा स्वभाव नाही. मेळावा संपल्यावर मला म्हणाले, "म्हातारा बोलला ते आमच्या मासिकांतही येतं. फक्त तिथे त्याला बारा पानं लागतात."

त्यानंतर मी माझं वाक्य वापरताना अडखळायला लागले. तरी वापरत होते.

गोळ्यांच्या मोजणीत आण्णा पहिल्या नंबरचे होते. बाकीचे पेशंट दोन विसरायचे, तीन सांडायचे, एकाने तर बाटलीच एसटीत सोडली होती. आण्णांच्या बाटलीत जितक्या उरायला हव्यात तितक्याच गोळ्या उरायच्या. पुण्याहून कंपनीची तपासणीस बाई आली की मी त्यांचीच फाईल आधी पुढे करायचे. मग एका गुरुवारी मी फोनवर विचारलं, "आण्णा, आजची गोळी घेतली का?" आणि मागून चाचांचा आवाज आला, "आज माजी पाळी हाय."

आण्णा घाईघाईने म्हणाले, "त्यो चहा करायची पाळी म्हनतोय."

पुढच्या तारखेला मी दोघांना खोलीत घेऊन दार लावलं. आण्णांनी फार ताणलं नाही. एक दिवस ते, एक दिवस चाचा, अशी पहिल्या बाटलीपासून पाळी चालू होती. रोज एक गोळी जात होती, म्हणून मोजणी बिनचूक. "एका जुवाखालच्या एका बैलाला पेंड चारायची आनि दुसऱ्याला नुसता कडबा, असं कुटं असतंय व्हय?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराध अजिबात नव्हता. उलट, एवढी साधी गोष्ट मला सांगावी लागते याचं थोडं आश्चर्य होतं.

मी संतापले. इतक्या दिवसांची मेहनत, बिनचूक फाईल, सगळं मातीत गेलं होतं. पण खरा संताप वेगळ्या गोष्टीचा होता, आणि तो मी ओरडून बोलले. "ही गोळी किडनीवर येते, आण्णा! चाचांची किडनी आधीच थकलीये, म्हणून त्यांना घेतलं नव्हतं. नियम आमच्या सोयीसाठी नव्हता, त्यांच्या जिवासाठी होता. तुम्ही त्यांना औषध देताय असं तुम्हाला वाटत होतं. काय देत होता माहितीये?"

त्या दिवशी त्यांनी माझ्या दातांकडे बघितलं नाही. त्यांचा हात बाकाची कड शोधत होता. "हे मला कवा सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "तू म्हनालीस, आकडा बसत न्हाई. मला वाटलं, तुमी आपलं चांगलं चांगलं निवडून घेताय आनि ह्येला बाजारात सोडताय."

मी सांगितलं नव्हतं. चाचांना संमतीपत्र वाचून दाखवलं तेव्हा सोबतच्या माणसाला मी बाहेर बसवलं होतं, आणि नाकारल्यावर कारण सांगत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता. निवडलेल्या माणसासाठी आमच्याकडे वीस पानांची समजूत असते आणि नाकारलेल्यासाठी तीन शब्दांची. शिवाय आण्णा म्हणत होते तेही अर्धं खरं होतं. आम्ही निवडून घेतोच. जिवासाठी घेतो आणि रेषा वर राहावी म्हणूनही घेतो. दोन्ही गोष्टी एकाच नियमात असतात आणि त्या वेगळ्या करून सांगायचा आम्हाला कंटाळा येतो.

चाचांचं रक्त तिथल्या तिथे तपासायला पाठवलं. अहवाल येईपर्यंत आण्णा उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. किडनीचा आकडा होता तिथेच होता, तसूभरही हलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नशीब. आण्णांनी चाचांच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

नियमाप्रमाणे मी हे सगळं कंपनीला कळवलं. इंग्रजी फॉर्ममध्ये 'औषध कोणास दिले' या रकान्यात मी, घाईत म्हणा की सवयीने म्हणा, 'पार्टनर', म्हणजे जोडीदार, लिहून गेले. चार दिवसांत उलट प्रश्न आला: सदर जोडीदार गर्भवती असण्याची शक्यता आहे काय? असल्यास तातडीने चाचणी करावी. हे पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. आण्णा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "कर गड्या चाचनी," ते चाचांना म्हणत होते. "पोरगं झालं तर माजंच नाव लाव." चाचांनी कपाळाला हात लावला होता, पण तेही हसत होते. ती खोली तशी हसण्यासाठी बांधलेली नाही.

आण्णांची गोळी बंद झाली. साधं केमो चालू राहिलं. ट्रायलच्या भाषेत ते आता फक्त पुढे काय होतं ते बघण्यापुरते उरले होते. त्यासाठी माझ्याकडे एकच फॉर्म होता आणि त्यात तीन चौकोन होते: जिवंत, मृत, संपर्क नाही. तो तीन महिन्यांतून एकदा भरायचा. म्हणजे दर गुरुवारच्या फोनची आता गरज नव्हती. मी फोन करत राहिले. कुणी विचारलं असतं तर उत्तर द्यायला जड गेलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर आण्णांचा आजार यकृतात उतरला. चाचांचा मात्र जिथे थांबला होता तिथेच थांबलेला. का, ते सांगता येत नाही. गाठीची जात वेगळी असेल, तो ताप वेळेवर सापडला म्हणून असेल, दोघांनी एकही तारीख चुकवली नाही म्हणून असेल. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी पेशंटांना रोज सांगते. आता तारखेला चाचा आण्णांना हाताला धरून आणायचे, आणि आण्णा ओसरलेल्या आवाजात सांगायचे, "आज मी पेशंट. ह्यो सोबतीला हाय."

शेवटच्या भेटीत त्यांना बोलताना धाप लागत होती. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "पोरी, तुजं ते वाक्य हाय न्हवं, ट्रायलमदली मानसं जास्त टिकत्यात. ते सोड. लोकं त्येच्यावर जीव टांगत्यात." मी मान हलवली. मग ते म्हणाले, "आनि बाबालालचा फोन बंद करू नगंस. त्यो आपनहून काय सांगायचा न्हाई. मरंल, पर सांगायचा न्हाई." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. चाचा दाराशी डबा घेऊन उभे होते.

आण्णा त्यांच्या घरीच गेले, एका सोमवारी दुपारी. फोन चाचांचा आला. चाचांनी मला केलेला तो पहिला फोन. मी फॉर्म काढला, मधल्या चौकोनात खूण केली आणि औषधांच्या फ्रीजच्या खोलीत जाऊन रडले. दवाखान्यात रडायला दुसरी जागा नाही. माझे वडील वारले तेव्हाही मी दुसऱ्या दिवशी कामावर होते, पण त्या सोमवारी मला पुढचा फॉर्म भरता आला नाही.

ते वाक्य मी सोडलं. आता म्हणते, "काळजी घेतली जाईल, गुण येईल की नाही ते माहीत नाही." सह्या थोड्या कमी होतात. आणि ज्यांना आम्ही घेत नाही त्यांना का घेत नाही, हे सोबतच्या माणसाला आत बोलावून, खुर्ची देऊन सांगते. त्यांनाही गुरुवारी फोन करते. मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, हे कशाच्या हेडखाली? मी म्हणाले, कशाच्याच नाही. दुसऱ्या दिवशी मला मदतीला अर्ध्या दिवसाची एक मुलगी मिळाली.

मग ट्रायल संपली. रुमाल उघडला, असं आण्णा म्हणाले असते. नव्या गोळीने काही विशेष केलं नव्हतं. खरी घेतलेले आणि खोटी घेतलेले साधारण सारखेच टिकले होते. कोणाला काय मिळालं त्याची यादीही आली. मी आण्णांचा नंबर शोधला. त्यांची गोळी खोटी होती. पहिल्या दिवसापासून. यादीत ते खोट्या गोळीच्या गटात होते आणि मृतांच्या रकान्यात होते. बाबालालचाचा यादीत कुठेच नव्हते, कारण ट्रायलच्या लेखी ते कधी आलेच नव्हते.

हे चाचांना कळवायची काही गरज नव्हती. तरी रविवारी मी पलूसची एसटी पकडली. चाचा अंगणात बसून पत्र्यांचे खिळे निवडत होते, वाकडे एकीकडे आणि सरळ एकीकडे. अंग उतरलं होतं, पण चेहऱ्यावर तेज होतं. सुनेने पाणी आणून दिलं. मी सांगून टाकलं, "चाचा, आण्णांची गोळी खोटी निघाली. आत औषध नव्हतंच."

चाचा खिळा हातात धरून थांबले. "म्हंजे मला देत हुता ती बी?"

"तीही."

"कडू तर लय हुती."

"मुद्दाम कडू केलेली असते. खरीसारखी वाटावी म्हणून."

चाचा हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "सोताच्या तोंडातली काडून दिली," ते म्हणाले, "आनि ती बी खोटी! फसला की वो आण्णा." हसता हसता त्यांचा आवाज फाटला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ तो खाली केला नाही. सून दारात येऊन उभी राहिली. मी तिला हाताने थांब म्हटलं.

मग टॉवेल खाली करून ते म्हणाले, "न्हाई बाई, फसला न्हाई. त्येला मी जगायला पायजे हुतो. मी हाय की."